रत्नमाला पडघान आणि अमेरिकेतला बुढा

अमेरिकेत एक सिनेटर होऊन गेला. त्याचं नाव रत्नमाला पडघानच्या जिभेवर कधी बसलं नाही, म्हणून ती त्याला नुसतं ‘बुढा’ म्हणते. आपल्या भागाच्या आमदाराला लेकरं किती, हे तिला ठाऊक नाही. बुढ्याला किती होती, हे मात्र ती गुरुवारच्या बाजारात वांगे तोलता तोलता सांगते. वरून गिऱ्हाइकालाच विचारते, “अन् दगडावर किती लिवले होते, सांगा बरं?” गिऱ्हाईक पिशवी उचलून चालू पडतं. बाई डोक्यानं गेली का काय, असं त्याला वाटत असावं.

ती डोक्यानं गेलेली नाही. या बुढ्याच्या पायी तिनं एकदा पाच तास उभं राहून काढले आहेत.

गाव रिठद आणि शिरपूर जैन यांच्या मधल्या पट्ट्यातलं. नाव लिहीत नाही, कारण त्या दिवशी सभेत असलेली माणसं अजून एकाच हॉटेलात, एकाच बाकड्यावर चहा पितात. गावाच्या अंगाला सडकेलगत ई-क्लासची, म्हणजे सरकारी मालकीची, लांबुळकी पट्टी आहे. तिच्यावर दर गुरुवारी बाजार भरतो. ओटे नाहीत, शेड नाही. पोतं अंथरलं की दुकान झालं.

रत्नमालाचं माहेर जऊळक्याचं. बाप स्टेशनावर हमाली करायचा. चौथी झाली आणि शाळा सुटली, सतराव्या वर्षी लग्न होऊन ती या गावात आली. नवरा वीटभट्टीवर होता. तो गेला तेव्हा दोन पोरी पदरात होत्या, धाकटी अजून रांगत होती. मजुरीनं भागेना, म्हणून एका गुरुवारी टोपल्यात सांबार घेऊन ती बाजारात आली. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.

जिथं टोपलं टेकवलं तिथं कोणी ना कोणी म्हणालं, “इथं आमची जागा हाये व, पुढं सरक.” सरकत सरकत ती नालीच्या काठापर्यंत गेली. पुढं सरकायला नालीच उरली होती. तेव्हा गिरजाबाई बोलली. गिरजाबाई माळ्याची, नाल्याच्या काठी तिची वाडी. मेथी, वांगे, मुळे घेऊन ती ऐन मध्यावर बसायची.

“ये इकडे. तिथं काय बेडकाले सांबार इकतं?”

तिनं आपलं पोतं अर्धं दुमडलं आणि बाजूची माती हातानं झाडली. “बस. माहा मुळा काही तुह्यानं बाटत नाई.”

रांगेतल्या बायका पुढचे दोन बाजार गिरजाबाईशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या बाजारी सुटे पैसे लागले, तशा बोलल्या. या गोष्टीला बावीस वर्षं झाली. रत्नमालाच्या पोरी याच जागेवरच्या भाजीत वाढल्या, शिकल्या. थोरली अकोल्याला नर्स आहे.

मग ग्रामपंचायतीची एक जागा अनुसूचित जातीच्या, म्हणजे आमच्याकडे बौद्ध, बाईसाठी राखीव निघाली. गावातल्या दोन्ही पार्ट्यांना अशी बाई हवी होती, जी कमी बोलेल. रत्नमाला निवडून आली आणि पहिली पाच वर्षं खरंच काही बोलली नाही. पुढच्या खेपेला पुन्हा आली. आमच्याकडची रीत अशी, की मासिक सभा दर वेळी भरतेच असं नाही. शिपाई रजिस्टर काखेत मारून सदस्यांकडे फिरतो. कोणी घरी भेटतं, कोणी वावरात. “सई करा” म्हणतो. वर काय लिहिलंय, काय लिहायचं राहिलंय, ते भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, बघून घेतो. रत्नमाला सही करायची. सही तिची सुरेख आहे, टपोरी.

वाचन मात्र तसं नाही. चौथीपर्यंतची अक्षरं, तीही वापराविना गंजलेली. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, विहारात रोज ग्रंथवाचन असतं, घराघराची पाळी येते. तिची पाळी आली तेव्हा एका पानाला तिनं पाऊण तास घेतला. बोट ओळीखालून, ओठ अक्षरामागून. मागं पोट्टे खिदळले, एक बुढी भिंतीला टेकून घोरू लागली. त्यानंतर ती पाळी चुकवायची. गावात ही गंमत सगळ्यांना माहीत होती.

यंदा मे महिन्यात सभेची नोटीस घरी आली. विषय क्रमांक एक: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. विषय क्रमांक दोन: बाजाराची पट्टी व्यापारी गाळ्यांसाठी देण्याचा ठराव करून तहसीलला पाठवणे. तिनं ते दोनदा वाचलं आणि तशीच विहारावर आली. पायरीवर माणिकराव गुरुजी पेपर वाचत बसले होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले, जगभरचं वाचायचा नाद असलेले.

“गुरुजी, बाजार जाऊन राह्यला.”

गुरुजींनी नोटीस वाचली. “नऊ मेंबर. सरपंचाचे किती?”

“दौलतसिंगभाऊचे सहा. आमी तिघं.”

“मंग मतानं तं नाई थांबत.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “ग्रामपंचायतीच्या निवडनुकीच्या तारखा या हप्त्यात लागतील म्हनतात. लागल्या का आचारसंहिता. मंग कोनताच ठराव नाई. तवालोक त्याईले बोलन्यात गुतवून ठेवनारा मानूस पाह्यजे. अमेरिकेत असा एक होता.”

“कोन?”

“सिनेटर. आपल्या खासदारावानी समज. तिथं नियम असा, का एकदा बोलाले उभा राह्यला मानूस का त्याले कोनी बसवत नाई. पन तो खाली बसला, का संपलं. साठ-सत्तर वर्सं झाले. चोवीस तासाच्या वर बोलला तो, एकटा.”

रत्नमाला पायरीवर टेकली. “चोवीस तास? पानी?”

“आधीच आंग वाळवून घेतलं होतं म्हने, वाफ घेऊन घेऊन. का पोटात पानीच राहू नये.”

“अन् खाल्लं काय?”

“खिशात गोळ्या होत्या कायच्या तरी.”

“बोलला काय पन येवढं?”

“कायदे वाचले. एकामागून एक राज्याचे कायदे वाचत गेला.”

“कायच्यासाठी उभा होता पन तो?”

गुरुजींना हा प्रश्न नको होता. “काळ्या लोकाईच्या मतदानाचा हक्क पक्का कराचा कायदा येत होता. तो येऊ नये म्हनून.”

“म्हंजे आपल्यासारख्याईच्याच इरोधात.”

“व्हय.”

“मंग सांगता कायले मले त्याचं!” ती उठली, चार पावलं गेली आणि परत आली. “अडला का कायदा?”

“नाई अडला. तो बसला अन् दोनेक तासात पास.”

“चांगलं झालं मेल्याचं.” नोटिशीची घडी घालत ती म्हणाली, “पाय मात्र दुखले असतील.”

सभेच्या दिवशी सकाळीच टीव्हीवर आलं, की चार वाजता तारखा जाहीर होणार. त्यामुळे दौलतसिंगनं दुपारची सभा अकरालाच लावली. नऊचे नऊ सदस्य हजर; असं त्या खोलीनं क्वचितच पाहिलं असेल. कूलर बंद, भिंतीवर थोर पुरुषांच्या तसबिरी. गजाच्या खिडकीबाहेर गिरजाबाई आणि बाजारातल्या दहा-बारा बायका.

रत्नमाला आदल्या संध्याकाळपासून पाणी प्यायली नव्हती. कमरेच्या बटव्यात फुटाणे होते.

“चला,” दौलतसिंग म्हणाला, “इषय एक, इतिवृत्त. झालं कायम. इषय दोन—”

“वाचा,” रत्नमाला म्हणाली, आणि उभी राहिली.

“काय वाचा?”

“इतिवृत्त. वाचून कायम करणे, असं तुमीच छापलं ना?”

ग्रामसेवक विनोद हसला. “काकू, ते तसं लिवा लागते. वाचत नाई कोनी.”

“मंग जसं हाये तसं लिवा. न वाचता कायम केलं. मी पहिली सई करतो.”

विनोदचा पेन उघडाच राहिला. असलं वाक्य त्यानं नोकरीत कधी लिहिलं नव्हतं, आणि लिहिणारही नव्हता.

“वाच बाप्पा विनोदभाऊ,” दौलतसिंग घड्याळ पाहत म्हणाला, “पाच मिनिटाचं काम.”

“भाऊसाहेबाले कायले तरास? मीच वाचतो.”

खोलीत खसखस पिकली. दौलतसिंगलाही विहारातली गंमत माहीत होती. “वाचा वहिनी, वाचा. आमी बी आयकतो.”

तिनं रजिस्टर टेबलावर ओढलं, बोट ओळीखाली ठेवलं. “दि... नांक...” विनोदचं अक्षर म्हणजे कोंबडीनं पाय पुसलेले. एकेका शब्दाशी ती झटत होती, आणि झटत असल्याचं सोंग मुळीच करत नव्हती. पहिलं पान संपायला पंचवीस मिनिटं लागली. हसणारे जांभया देऊ लागले. चार पानं झाली तेव्हा पाऊण वाजून गेला होता.

“झालं?” दौलतसिंगनं विचारलं. “कायम?”

“नाई. याच्यात पहिलंच लिवलं हाये, का त्याच्या मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम केलं. वाचलं होतं का?”

विनोद पेनाचं टोपण शोधू लागला.

“म्हंजे ते कायम झालंच नाई. पहिले ते वाचा लागन.” तिनं पानं मागं उलटली.

दौलतसिंग विनोदकडे वळला. “असं असते का रे?”

“असं... आतालोक कोनी इचारलंच नाई, साहेब,” विनोद कपाळ पुसत म्हणाला. “पन असं नसते म्हनाले बी माह्यापाशी कागद नाई.”

“मतदान घ्या मंग. वाचन बंद म्हनून.”

“घ्या,” रत्नमाला म्हणाली. “अन् लिवा, का वाचू देल्लं नाई. कोनाकोनाचे हात वर हायेत थेही लिवा.”

सहाही जणांनी खिडकीकडे पाहिलं. गजांतून दोन मोबाइल आत डोकावत होते. महिन्याभरात याच बायकांच्या दारात मतं मागायला जायचं होतं. एकाला एकदम खोकला आला, दुसरा चप्पल शोधू लागला. हात कोणाचाच वर गेला नाही.

मग ती मागं मागं जात राहिली. एप्रिलमधून मार्चमध्ये, मार्चमधून फेब्रुवारीत. मधली काही इतिवृत्तं दोन ओळींचीच होती, काही पानभर.

“काकू, बसून वाचा ना,” विनोदनं खुर्ची पुढं सरकवली.

“नाई. बसलं का संपलं.”

काय संपलं, ते कोणालाच कळलं नाही. आमच्या ग्रामपंचायतीला तसा काही नियम नाही. लोळून वाचलं असतं तरी चाललं असतं. पण तिला ते कोणी सांगितलेलं नव्हतं, आणि खुर्ची म्हणजे डाव, असं तिनं मनात धरलं होतं. चहा आला, नको. गार पाण्याचा जग आला.

“घ्या वहिनी, घोटभर तरी.”

“मले माहीत हाये तुमचं पानी,” म्हणून तिनं दोन फुटाणे तोंडात टाकले. सुक्या तोंडात ते चावताना आवाज खिडकीपर्यंत गेला. बाहेर गिरजाबाई कौतुकानं बायकांना म्हणाली, “पाह्य बरं माही रत्नी. धुऱ्यावरच्या बाभळीवानी उभी हाये.”

तीन वाजता पान उलटलं आणि रत्नमालाचं बोट थांबलं. त्या पानाच्या कोपऱ्यात हिरवट-तपकिरी डाग होता, अंगठ्याएवढा. वाचायच्या आधीच तिनं पान ओळखलं. ऑक्टोबर. सोयाबीनची सोंगणी. शिपाई वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, आला होता, तिनं विळा काखेत धरून शेंगांनी माखलेल्या हातानं सही केली होती. सोंगणीत कोण वाचतं?

आता तिनं वाचलं, ओठांतल्या ओठांत. बाजाराची पट्टी वापरात नसून पडीक आहे, सबब तिचा अन्य उपयोग व्हावा. सूचक: श्रीमती रत्नमाला पडघान.

पान पातळ होतं. एकाऐवजी दोन उलटली असती तर बाहेरच्यांना काही कळलं नसतं. ते तिच्या मनात आलं, हे तिनं पुढं स्वतःच गुरुजींना सांगितलं.

दौलतसिंग खुर्चीत मागं रेलला. अकरा वाजल्यापासून पहिल्यांदाच तो निवांत दिसत होता. “काहून थांबल्या वहिनी? वाचा ना. जोरानं वाचा. बायाईले बी आयकू जाऊ द्या.”

तिनं खिडकीकडे पाहिलं नाही. बोट पुन्हा ओळीखाली ठेवलं आणि वाचलं. सगळं, ‘पडीक’ वाचलं, ‘सूचक’ वाचलं, आपलं नाव अक्षर अक्षर वाचलं. नेहमीसारखंच हळू. पण एवढं हळू तिनं दिवसभरात वाचलं नव्हतं.

“रत्ने,” खिडकीतून गिरजाबाईचा आवाज आला, “तू सुचवलं थे?”

उभ्या माणसानं दुसऱ्याशी बोललं तर चालतं का, हे तिला माहीत नव्हतं. तिनं खाली मान घालून पुढची ओळ धरली. ती वर पाहीपर्यंत गजांमागची गिरजाबाईची जागा रिकामी होती.

चारनंतर थोड्या वेळानं दौलतसिंगचा फोन वाजला. मग दुसऱ्याचा, मग सगळ्यांचे. विनोदनं मोबाइल पाहिला आणि पेनाला टोपण लावलं. “लागली, साहेब. आता काही करता येत नाई.”

दौलतसिंगनं फाइल मिटली. वाईट हसला नाही तो, थकून हसला. “बसा आता वहिनी. जिकल्या.”

“आजचं लिवाचं राह्यलं. भाऊसाहेब, पेन उघडा.” तिचा आवाज पार घोगरा झाला होता. “लिवा. ऑक्टोबरच्या सभेत सूचक म्हनून माहं नाव हाये. मी थे सुचवलं नोतं. मी वावरात न वाचता सई केली. बाजाराची पट्टी पडीक नाई. तिच्यावर दर गुरुवारी बाजार भरते, अन् मी बावीस वर्सं झाले तिच्यावर बसतो.”

“काकू, ‘न वाचता’ लिवू का खरंच? तुमच्यावरच येते थे.”

“म्हनूनच लिवा.”

विनोदनं लिहिलं. तिनं ते बोट धरून वाचून घेतलं, मग सही केली. आणि सहीनंतर पहिला शब्द बोलली तो असा: “संडास कुटी हाये?”

ग्रामपंचायतीच्या संडासाला कुलूप होतं, आणि किल्ली घेऊन शिपाई हॉटेलात गेला होता. दौलतसिंग स्वतः पळत जाऊन किल्ली घेऊन आला. हे लिहिलं पाहिजे, कारण ते खरं आहे.

पुढच्या गुरुवारी रत्नमाला बाजारात आली तेव्हा गिरजाबाईचं पोतं पुरतं पसरलेलं होतं. रत्नमाला नालीच्या काठी जाऊन बसली. बाजार तेवढा जागेवर होता. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तसंच.

त्या दोन हप्त्यांत ती रोज संध्याकाळी माणिकराव गुरुजींकडे जायची आणि बुढ्याचं विचारायची. पुढं काय झालं त्याचं? पुन्हा निवडून आला? बायको काय म्हणे? गुरुजी मोबाइलवर इंग्रजी वाचत आणि सांगत. तो येत राहिला, येतच राहिला, शंभरी गाठेपर्यंत सिनेटर होता. तो मेल्यावर एक म्हातारी पुढं आली. ती काळी होती, रिटायर मास्तरीण. म्हणाली, हा माझा बाप. बुढा तरणा असताना त्याच्या बापाच्या घरी कामाला असलेल्या कोवळ्या पोरीला झालेली ती लेक. जन्मभर गप्प राहिली होती. बुढ्याच्या घरच्यांनीही ते मान्य केलं.

“अन् मंग?”

“त्याचा पुतळा हाये तिथं. खाली दगडावर लिवलं होतं, चार लेकराईचा बाप. मंग त्याईनं थे चार खोडून पाच केलं. थ्या पोरीचं नाव बी कोरलं.”

“दगडावरचं खोडता येते?”

“पुरतं नाई खोडल्या जात. नीट पाह्यलं तं खाली आधीचं दिसते, म्हनतात.”

तिसऱ्या गुरुवारी ती आली तेव्हा गिरजाबाईचं पोतं अर्धं दुमडलेलं होतं. गिरजाबाई मुळ्याची माती झटकत होती, वर न पाहता. रत्नमालानं टोपलं टेकवलं.

“थे पान फाडलं का?” गिरजाबाईनं विचारलं.

“नाई. फाडता येत नाई. आजूक हाये तिथंच, डागासकट. पुढच्या पानावर लिवलं, का मी सुचवलं नोतं अन् मी न वाचता सई केली.”

“विनोद सांगे मले. मले वाटलं, गोष्ट बनवून राह्यला.” मुळ्याची जुडी बांधून झाली. “पुढच्या खेपेले उभी राह्यशीन का?”

“माही जागा गेली. आरक्षन बदललं.”

“नवे आले का पुन्हा हेच काढतीन.”

“काढतीन. रजिस्टर आता तुमच्याईतल्या कोनाले वाचा लागन. मी शिकवतो. हळूच वाचा लागते, येवढंच.”

गिरजाबाई हसली. मग रत्नमालानं तिला बुढ्याची सगळी गोष्ट सांगितली. वाफ, गोळ्या, चोवीस तास, कोणाच्या विरोधात उभा होता ते, ती मास्तरीण, तो दगड. मध्ये तीन गिऱ्हाइकं आली, एकाला सांबाराऐवजी मेथी गेली. गिरजाबाई मुळे बाजूला ठेवून ऐकत राहिली.

“पोरीचं नाव कुटी कोरलं? वर?”

“नाई. खाली. सगळ्या लेकराईच्या खाली.”

“खाली काहून?” गिरजाबाई म्हणाली. “थोरली तेच होती ना?”

रत्नमालाचा तराजू हवेतच राहिला. एवढे दिवस विचारून हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. सडकेच्या पलीकडे, विहाराच्या पायरीवर, गुरुजींचा पेपर उघडलेला दिसत होता.

“थांब,” ती म्हणाली, “माहं टोपलं पाह्य जरा. इचारून येतो.”